हरणीची डिकी: काय घेतलं, काय करवून घेतलं, काय परत पाठवलं

सरळच सांगते. कुत्र्यासाठी गाडी सजवायची म्हणून ऑनलाइन मिळणारं पाच वस्तूंचं 'पेट ट्रॅव्हल किट' घेऊ नका. त्यातली एक वस्तू कामाची निघते, एक बरी म्हणावी अशी, आणि बाकीच्या डिकीत लोळत राहतात. तेवढ्याच पैशांत बेळगावात अर्धा तक्ता प्लायवूड, गोठ्यात घालतात तसल्या रबरी मॅटचा तुकडा आणि एक जुनं घोंगडं होतं. ताडपत्री शिवणाऱ्याची शिलाईही त्यातच भागते. मी दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून बोलते.

आधी आमच्या हरणीविषयी, कारण गाडीतली सगळी मापं तिच्यावरून ठरली. हरणी मुधोळ जातीची, वजन बावीस किलो, खांद्याशी उंची पासष्ट सेंटिमीटर. मुधोळ म्हणजे लांब पाय, आत गेलेलं पोट, पातळ कातडी आणि अंगावर केस नावाला. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळही होता, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. पण तिकिटावर छबी आली म्हणून आंबोलीच्या वळणांवर उलटी व्हायची थांबत नाही. लॅब्रेडॉरवाले शेजारी ज्या गोष्टींकडं बघतही नाहीत त्या आमच्याकडं महत्त्वाच्या. हिच्या कोपरांवर मांस नाही, कडक जागेवर बसली की घट्टे पडतात. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळं साधा पट्टा मागं ओढला की सटकून हातात येतो. आणि लांबवर ससा हलला तरी तिला आधी दिसतो, आपल्याला नंतर.

गाडी वॅगनआर. कंपनीच्या कागदावर डिकी ३४१ लिटर. हा लिटरचा आकडा बॅगा ठेवणाऱ्यांसाठी. कुत्रं बसवायचं असेल तर टेप घेऊन स्वतः मापं घ्यावी लागतात. चाकाच्या दोन कमानींमधली रुंदी घ्या. डिकीच्या जमिनीपासून छतापर्यंतची उंची घ्या, पण ती काचेच्या उताराशी, मधोमध नव्हे. आणि कुत्रं कूस बदलून झोपल्यावर नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत किती लांब होतं ते घरी फरशीवर खडूनं आखून बघा. मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवते, त्यामुळं हे करताना मला गंमत वाटली. घरात बाकी कुणाला वाटली नाही.

हरणी नुसत्या डिकीत मावत नाही. मागची सीट ६०:४० अशी दुमडते, म्हणून साठचा भाग पाडून तिला लांबलचक जागा करायची आणि चाळीसच्या भागावर सासूबाई बसणार, हे आधीच ठरलेलं. शिरोड्याला समुद्रावर जायचं तर त्या घरी राहणार नाहीत.

फळी

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या फळीचा, आणि ही कुठंही तयार मिळत नाही. बहुतेक हॅचबॅकमध्ये सीट दुमडली की तिची पाठ डिकीच्या जमिनीपेक्षा वीतभर वर राहते, आणि वर थोडा उतारही असतो. त्या पायरीवर कुत्र्याला ना नीट उभं राहता येतं, ना बसता. ब्रेक लागला की ते खालच्या खड्ड्यात घसरतं. उपाय असा की डिकीच्या बाजूला खाली ठोकळे देऊन वरची फळी सीटच्या पाठीशी सपाट करायची. मग फळीखाली वीतभर उंचीची जागा आपोआप मोकळी होते, आणि सामान ठेवायची पंचाईत तिथंच सुटते.

प्लायवूड १२ मिलिमीटरचं घ्या आणि घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा. तो उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाच्या प्लायचा. आयएस ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण ओलं कुत्रं, ओला टॉवेल आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा खानापूरकडचा पाऊस धरला तर त्याचे पापुद्रे सुटायला वेळ लागत नाही. कडांना पातळ वॉर्निशचे दोन हात मारा. पाणी शिरतं ते कडेतूनच.

कापून दिलं आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी. कागदावरचं माझं ड्रॉइंग बघून म्हणाले, "कुत्र्याला एवढं कपाट कशाला की ओ अक्का? एक पोतं अंथरा, झालं." मग स्वतःच गाडीत वाकून बसले, बोटं लावून उतार बघितला आणि सीटच्या बाजूला तिरक्या पाचरी द्यायला लागतील हे माझ्याआधी त्यांनीच सांगितलं. त्या पाचरींमुळं फळी खरोखर सपाट बसली. घाटात उलट्या कमी झाल्या त्याचं मोठं श्रेय मी या सपाट जागेला देते. बाकीचं श्रेय निघायच्या आधी तीन तास खायला न देण्याला.

या फळीत दोन गोष्टी कुणी विसरू नयेत. एक, स्टेपनी डिकीच्या जमिनीखाली असते. फळी अखंड केलीत तर पंक्चर झाल्यावर चोर्ला घाटाच्या पावसात आधी कुत्रं उतरवा, मग मॅट, मग फळी, असा कार्यक्रम होईल. म्हणून मागचा भाग बिजागऱ्यांवर उघडणारा ठेवा, आणि त्या भागाखालचं खोकं उचलून बाहेर काढता येईल असं सुटं ठेवा. दुसरी, फळी नुसती ठेवू नका, बांधा. आठ-नऊ किलोचं लाकूड आणि वर कुत्रं; जोरात ब्रेक लागला तर ते थांबणार नाही. गाडीच्या पत्र्याला भोक पाडायची गरज नाही, पाडूही नका. खाली काय आहे ते आपल्याला दिसत नसतं. सीटच्या लोखंडी बिजागरीला नायलॉनचा पट्टा घालून बकलनं आवळला की पुरतं.

आवाज मात्र येतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर प्लाय आणि प्लास्टिक एकमेकांवर घासून अशी किरकिर करतात की गाडीलाच काही झालं वाटावं. दाराच्या फटीला लावतात ती चिकट रबरी पट्टी फळीच्या खालच्या कडेला फिरवली की बंद.

वर काय अंथरायचं

आधी ऑनलाइन मागवलेलं 'युनिव्हर्सल' डिकी लायनर. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला न बसणारं. कात्रीनं रेषेवर कापा असं लिहिलेलं, आणि ती रेष आमच्या डिकीच्या आकाराच्या जवळपासही नव्हती. वरून गुळगुळीत प्लास्टिक, त्यावर हरणी बर्फावर उभी असल्यासारखी चारी पाय फाकून. परत पाठवलं. पैसे मिळाले, पण पाठवणीचा खर्च कापून.

मग गोठ्याची मॅट. आपल्या भागात दुधाचा धंदा एवढा मोठा की चिकोडी, गोकाक, निपाणी, कुठंही चौकशी केलीत तरी गाई-म्हशींखाली घालायची रबरी मॅट मिळते. साधारण साडेसहा फूट बाय चार फूट, १७ मिलिमीटर जाड, वरून दाणेदार, खालून खाचा. दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं, गाईसाठी की म्हशीसाठी? मी म्हटलं, "नायी." त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा गाडीकडं बघितलं आणि कोपरा तुटलेली एक मॅट कमी भावात काढून दिली. पकड अप्रतिम. कुसळं अडकत नाहीत, आणि ही बाब लहान नाही. राजहंसगडाच्या उतारावर किंवा राकसकोपच्या बाजूला दसऱ्यानंतर कुत्रं फिरवून आणलंत तर त्याच्या अंगावरून निम्मी कुसळं गाडीत उतरतात. डिकीच्या मूळ गालिच्यात ती रुतली की निघत नाहीत, आणि नंतर कुत्र्याच्याच पंजात, कानात शिरतात. रबरावरून ती झाडून टाकायची, संपलं. लाल मातीही पाण्याच्या एका बादलीत जाते.

पण दोष दोन. पहिला वास: नव्या रबराचा उग्र वास बंद गाडीत डोकं उठवतो. अंगणात, उन्हात, साबणानं धुऊन, पुन्हा उन्हात, असं करत ती वापरायजोगी झाली. दुसरा वजन. आमच्या पूर्ण फळीवर घालायची तर बारा-तेरा किलोचा तुकडा होतो, आणि फळी उचलायची म्हणजे पैलवान लागेल. म्हणून मॅट फक्त मागच्या अर्ध्या भागात, जिथून हरणी उडी मारून चढते-उतरते तिथं. कापायला लांब पात्याचा कटर, खाली लाकूड आणि पात्याला साबणाचं पाणी. कोरडं पातं रबरात अडकतं.

पुढच्या अर्ध्या भागात, जिथं ती झोपते, तिथं व्यायामशाळेत घालतात त्या फोमच्या फरशा आणि वर घोंगडं. नुसत्या फोमवर भिस्त ठेवू नका, नखांनी तुकडे पडतात. वर घोंगडं असलं की टिकतो. घोंगडं दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीचं, सासूबाईंच्या माहेरचं. हरणीच्या त्या बिनकेसांच्या अंगाला ऊब मिळते, भरडपणामुळं घसरत नाही, आणि ओलं झालं तरी आतून गार लागत नाही. ज्यांना नवं घ्यायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा: नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. तसंच अंथरलंत आणि कुत्रं ओलं आलं तर चिकट वास सुटतो, शिवाय काही कुत्री ते चाटत बसतात. आधी थंड पाण्यात दोनदा भिजवून खळ काढा. वॉशिंग मशीनमध्ये नको. सासूबाईंचं मत असं की हे घोंगडं कुत्र्यासाठी नव्हतं. "माझ्या आईनं दिलेलं, त्यावर आता ही महाराणी." तरी शिनोळी ओलांडायच्या आत त्यांचा हात हरणीच्या पाठीवर असतो.

झोळी

मागच्या सीटवर पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टना अडकवायचं जे कापड मिळतं, ज्याला हॅमॉक म्हणतात, ते मी दोन ठिकाणांहून आणून पाहिलं. ज्यांच्या गाडीत कुत्रं सीटवरच बसतं आणि मागं दुसरं कुणी नसतं त्यांना ते चालेल. आमच्या उपयोगाचं नाही, कारण ते पूर्ण सीट व्यापतं. घेणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कुठल्याच जाहिरातीत ती नसते. ज्या गाड्यांत मागं एसीची झडप नाही, तिथं थंड हवा मागं जाते ती पुढच्या दोन सीटांच्या मधून. ही झोळी नेमकी तीच वाट बंद करते. पुढं आपण स्वेटर घालायच्या बेतात आणि मागं कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतंय. घ्यायचीच तर मध्ये जाळीची खिडकी असलेली घ्या, आणि ती खिडकी चार बोटांची नसावी, निदान मोठ्या वहीएवढी हवी. दुसरं, खालून कापड गुळगुळीत असेल तर ते सीटवरून सरकतं. रबरी ठिपके आहेत का ते हात फिरवून बघा.

मी शेवटी ताडपत्री शिवणाऱ्याकडून एक पडदा शिवून घेतला: फळीच्या पुढच्या कडेपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत, फक्त साठच्या भागाला. वरचा निम्मा भाग मच्छरदाणीपेक्षा जाड, दारांना लावतात त्या नायलॉन जाळीचा. कडांना पितळी रिंगा, त्यातून हूक. ऑनलाइन आलेला जाळीचा अडसर मी आधी लावून बघितला होता. त्याची लवचिक दोरी इतकी सैल की हरणीचं निमुळतं डोकं सरळ त्यातून आरपार, आणि मग गिअरच्या जवळ तिचा गाल. शिवलेल्या पडद्याला ती एकदा नाक लावून बघते आणि झोपते. शिलाई आणि सामान मिळून साडेसातशे रुपये.

पडदा म्हणजे सुरक्षेची सोय नव्हे, हे नीट समजून घ्या. तो फक्त कुत्र्याला पुढं येण्यापासून अडवतो. धडक झाली तर कापड काही थांबवणार नाही. त्यासाठी वेगळं.

पट्टा

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरलं तर बावीस किलोच्या कुत्र्याला थांबवायला सुमारे तीनशे किलो वजनाइतका जोर लागतो. हा हिशोब मी घरी फळ्यावर मांडला, त्यानंतर हरणीला मोकळं बसवण्याचा आग्रह कुणी धरला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून कान उडवणारं कुत्रं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात डोळ्यात खडा जातो आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो.

हार्नेस छातीवरून रुंद पट्ट्याचा हवा. गळपट्ट्याला सीटबेल्टची दोरी कधीही लावू नका. हिसका मानेवर बसतो. पाकिटावर 'क्रॅश टेस्टेड' असं छापलेलं असतं, पण कुठं, कोणत्या वेगाला, किती वजनाला, ते नसतं. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था अशा हार्नेसच्या धडक चाचण्या घेते आणि निकाल खुले ठेवते, त्यावरून निदान कसली रचना टिकते हे कळतं. ताण प्लास्टिकच्या क्लिपवर येणारा नको, शिवलेल्या पट्ट्यावर येणारा हवा, आणि दोरी शक्य तितकी आखूड.

किटमधली कामाची एकमेव वस्तू म्हणजे सीटबेल्टच्या बकलमध्ये खटकन बसणारी जीभ असलेला पट्टा. पण तोही तपासून. प्रत्येक गाडीच्या बकलचं तोंड सारखं नसतं. बसवा, खटका ऐका, मग दोन्ही हातांनी जोरात ओढा. सुटला तर परत करा. काही पट्ट्यांत मध्ये ताणणारं रबर असतं. ते प्रवासात कुत्र्याला बरं वाटतं, पण धडकेत तेवढंच जास्त पुढं जाऊ देतं. मी बिनरबराचा ठेवला. साठचा भाग दुमडल्यावर त्याची बकलं खाली दबतात, म्हणून हरणीचा पट्टा चाळीसच्या बाजूच्या मोकळ्या बकलमध्ये, सासूबाईंच्या शेजारून जातो. त्यांचा स्वतःचा बेल्ट वेगळा, तो लावायला हरणीपेक्षा त्यांना जास्त समजवावं लागलं.

याशिवाय फळीच्या मागच्या कडेला मी एक आयबोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट, बसवला, खाली मोठा वॉशर देऊन. उद्यमबागेत बोल्टच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतो. त्यात आखूड साखळी. हा फक्त गाडी उभी असताना. ज्यांच्याकडं शिकारी जातीचं कुत्रं आहे त्यांना कळेल: सगळ्यात धोक्याचा क्षण डिकीचं दार वर जातं तो. जांबोटीच्या पुढं कुठंतरी चहाला थांबलात, दार उघडलं, बाजूच्या रानात मोर हलला, की मुधोळ गेला. हाक मारून परत येईल ही आशा सोडा. दार उघडताना हरणी अजून सीटच्या पट्ट्यातच असते. मी हात घालून आधी साखळी लावते, मग पट्टा सोडते, मग गळ्यात दोरी. त्याला जेमतेम मिनिट लागतं. गाडी चालू असताना मात्र आयबोल्टवर भरवसा नको, प्लायवूड तेवढा ताण घेण्यासाठी नसतं.

मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा, खिडक्यांचं बटण ड्रायव्हरकडून बंद करा. फुकट आहे, आणि कुत्र्याचा पंजा बटणावर बरोबर पडतो.

फळीखालचा संसार

खालच्या जागेचे मी तीन कप्पे केले. ओलं, कोरडं आणि खाणं. ओल्याच्या कप्प्यात भाजीचा बुटका प्लास्टिक क्रेट, भोकांचा. त्यात ओली दोरी, टॉवेल, वाळू भरलेलं खेळणं. भोकांमुळं हवा लागते, आणि खाली पत्र्याचा ट्रे असल्यानं पाणी गाडीत जात नाही. शिरोड्याहून येताना किती वाळू त्या ट्रेत जमते ते बघून मी पूर्वी ती सगळी कुठं जात असेल याचा विचार करणं सोडून दिलं.

कोरड्यात लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, पोव्हिडोन आयोडिन, गॉज, गोचीड काढायचा चिमटा, जुनी वर्तमानपत्रं. माणसांच्या गोळ्या त्यात ठेवू नका. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन 'थोडीशी दिली तर काय होतं' असं म्हणणारा कुणीतरी प्रवासात भेटतोच. डिकीत वासासाठी डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर आजच काढा, कुत्र्याला विषारी असतात. कूलंटची अर्धी बाटली डिकीत ठेवणारेही खूप. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं जातात. ती बाटली आम्ही बॉनेटजवळही नाही, घरी ठेवतो.

खाण्याच्या कप्प्याला कडी-कोयंडा आहे. तो हरणीच्या खाऊसाठी लावला असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे पुण्याच्या नणंदेसाठी नेलेल्या कुंद्यासाठी, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईसाठी. कोगनोळीच्या टोलपर्यंत बॉक्स अखंड होता, कोल्हापूरच्या पुढं नव्हता, आणि यात हरणीचा एकटीचा हात होता असं मला वाटत नाही.

पाण्यासाठी पाच लिटरचा नळवाला कॅन. घडी होणारी सिलिकॉनची वाटी किटमध्ये आली होती, ती 'बरी' या सदरात. हलकी आहे, पण अर्धं पाणी पीत असताना उलटते. स्टीलचं जड बुडाचं भांडं बरं.

उजेडासाठी एलईडी पट्टी गाडीच्या वायरीला जोडून देतो म्हणणारे बरेच भेटतात. वायर कापायची काही गरज नाही. चुंबकाचा, चार्ज होणारा छोटा दिवा डिकीच्या पत्र्याला चिकटतो, आणि गोचीड शोधताना काढून हातात धरता येतो. जोडलेली पट्टी हातात कशी धरणार?

म्हाताऱ्या किंवा जड कुत्र्यांसाठी उरलेल्या प्लायचा उतार करता येतो, वर मॅटच्या पट्ट्या ठोकून. शेजारच्या लॅब्रेडॉरसाठी मेस्त्रींनी तसा केला, फुकट. "पोतं अंथरा" म्हणणारे मेस्त्री.

ऊन

बेळगाव थंड हवेचं, हे ऐकून ऐकून आपण बेफिकीर झालोय. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहोत हे खरं, पण बंद गाडीला ते कळत नाही. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत जातं, असं अमेरिकी पशुवैद्यक संघटनेचा तक्ता सांगतो. इथं एप्रिलात दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो, मग आत काय होत असेल ते बघा. काच दोन बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घामानं अंग गार करता येत नाही, त्याला धापच टाकावी लागते, आणि गरम हवेत धाप टाकून काही होत नाही. म्हणून खडेबाजारात 'पाच मिनिटांचं' काम असेल तर हरणी घरी राहते. काचांना लावायच्या जाळ्या चालत्या गाडीत ऊन अडवतात, तेवढंच त्यांचं काम. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा पुढच्या हेडरेस्टला लावला, तो चांगला निघाला. बहुतेक सीएनजीवाल्यांना मात्र यातलं फळीबिळी काही जमणार नाही. बऱ्याच गाड्यांत टाकीनं डिकी आधीच व्यापलेली असते, आणि तिच्या झडपेवर काहीही रचू नये. त्यांनी सीटवरची झोळी, जाळीची खिडकी आणि आखूड पट्टा, एवढ्यावरच भागवावं.

खर्चाचं विचाराल तर प्लाय, मॅट, पडदा, बोल्ट-बिजागऱ्या, मेस्त्रींची मजुरी असं सगळं मिळून सहा हजारांच्या आत बसलं, हार्नेस वेगळा. हार्नेसवर काटकसर करू नका, बाकी सगळीकडं करा. मेस्त्री लाकडाचं काम एका दिवसात देतात. शिवणाऱ्याकडं मात्र गाडी घेऊनच जा, मापाचा कागद देऊन पडदा बसत नाही. आणि गणपतीच्या आधी महिनाभर तरी जाऊ नका. तेव्हा तो मंडपाच्या ताडपत्र्यांत बुडालेला असतो, आणि कुत्र्याचा पडदा म्हटलं की हसून पुढच्या महिन्याची तारीख देतो.